माउंट व्हर्नन: वॉशिंग्टनचं घर राखणाऱ्या बायका

पोटोमॅककाठी

आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो, त्यामुळे भारतातून कोणी आलं की माउंट व्हर्ननची फेरी ठरलेली. पाहुणे नदीकडचा उंच खांबांचा व्हरांडा बघतात, तिथल्या खुर्च्यांवर बसून फोटो काढतात, अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्या कबरीपाशी जातात. हे घर १८५०च्या सुमारास पडायला आलं होतं आणि ते बायकांच्या एका मंडळाने विकत घेऊन वाचवलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या बायकांना तेव्हा मतदानाचा हक्कही नव्हता. मंडळ आजही तेच आहे, घराची मालकी आजही त्याच मंडळाकडे आहे. या मंडळाबद्दल मराठीत सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं.

वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ला वारला. स्वतःचं मूल नव्हतं. बायको मार्था हिच्या मृत्यूनंतर घर पुतण्याकडे गेलं. हा बुशरॉड वॉशिंग्टन, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. पुढे वारसांकडून वारसांकडे जात जात ते जॉन ऑगस्टिन वॉशिंग्टन (तिसरा) याच्याकडे आलं. तोवर जमिनीचा कस गेला होता, शेतीतून घरखर्च भागत नव्हता आणि दर्शनाला येणाऱ्यांची रीघ वाढतच होती. लोक बोटीने यायचे, झाडांच्या फांद्या तोडून न्यायचे. त्याने अमेरिकी सरकारला विचारलं, व्हर्जिनिया राज्याला विचारलं. दोन्हीकडे चर्चा झाली, पैसे कोणी काढले नाहीत. त्या काळचा एक फोटो आहे, तो जरूर शोधून बघा. व्हरांड्याचं छत खाली येऊ नये म्हणून जहाजाच्या जुन्या डोलकाठ्या टेकू म्हणून लावल्या आहेत.

१८५३ साली लुइसा बर्ड कनिंगहॅम नावाच्या साउथ कॅरोलिनातल्या बाई बोटीने पोटोमॅक नदीतून चालल्या होत्या. माउंट व्हर्ननसमोरून जाताना बोटीची घंटा वाजवायची प्रथा होती. घंटा झाली, बाई डेकवर आल्या आणि चांदण्यात त्यांना त्या घराची दैना दिसली. त्यांनी मुलीला पत्र लिहिलं. देशातल्या पुरुषांना हे राखता येत नसेल तर बायकांनी का राखू नये, असा त्यातला सूर होता.

मुलगी म्हणजे ॲन पामेला कनिंगहॅम. सतराव्या वर्षी घोड्यावरून पडून पाठीच्या कण्याला इजा झालेली, आयुष्याचा बराच काळ अंथरुणावर. डिसेंबर १८५३मध्ये तिने दक्षिणेतल्या स्त्रियांना उद्देशून एक आवाहन लिहिलं आणि ते चार्ल्सटनच्या वर्तमानपत्रात छापून आलं. खाली स्वतःचं नाव नाही, ‘एक दाक्षिणात्य गृहिणी’ अशा अर्थाची सही. खानदानी बाईचं नाव छापून येणं तेव्हा शोभत नसे.

आधी फक्त दक्षिणेपुरती असलेली ही हाक लवकरच देशभराची झाली. प्रत्येक राज्यासाठी एक व्हाइस रीजंट, सगळ्यांवर एक रीजंट, म्हणजे मंडळाची प्रमुख (ती स्वतःच), आणि तिच्या हाताखाली गावोगावी वर्गणी गोळा करणाऱ्या बायका, अशी रचना तिने पलंगावरून पत्रं लिहून उभी केली. १८५६ला व्हर्जिनियाने ‘माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशन’ला सनद दिली. ६ एप्रिल १८५८ला करार झाला: घर, कबर आणि सुमारे २०० एकर जमीन, किंमत २,००,००० डॉलर. २२ फेब्रुवारी १८६०ला, म्हणजे वॉशिंग्टनच्या जन्मदिवशी, ताबा मिळाला.

आणि साधारण वर्षभराने उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं. त्याबद्दल प्रतिसादात लिहितो, तो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

---

शेवंतीची_वेणी

फार छान सुरुवात. एक शंका. १८५८ साली अमेरिकेत लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर करारसुद्धा करता येत नसे ना? मग एवढा मोठा व्यवहार झाला कसा? आणि दोन लाख डॉलर आले कुठून?

---

पोटोमॅककाठी

@शेवंतीची_वेणी, मुद्दा अगदी बरोबर. बहुतेक राज्यांत विवाहितेचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यातच विरघळलेलं होतं. म्हणून तर सनद लागली. मंडळ ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती झाली की सभासद विवाहित की अविवाहित हा प्रश्नच उरत नाही. रीजंट स्वतः अविवाहित होती.

घराचा मालक जॉन ऑगस्टिन यालाच हे पचत नव्हतं. जागा राज्याने किंवा देशाने घ्यावी, बायकांच्या मंडळाने नव्हे, असा त्याचा हेका. ॲन पामेला स्वतः त्याला भेटायला गेली. तिला उचलून न्यावं लागे, अशी तब्येत. परतीची बोट चुकली म्हणून रात्री तिथेच मुक्काम करावा लागला, आणि त्या मुक्कामात तिने त्याचं मन वळवायला सुरुवात केली, अशी हकीकत सांगतात.

पैशाचं म्हणाल तर थेंबे थेंबे. पण एक मोठा झरा होता: एडवर्ड एव्हरेट. त्या काळचा नावाजलेला वक्ता. वॉशिंग्टनच्या चारित्र्यावरचं एकच व्याख्यान त्याने गावोगाव शंभराहून जास्त वेळा दिलं आणि त्याचं उत्पन्न मंडळाला दिलं. त्याखेरीज न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात वर्षभर लेख लिहायचे १०,००० डॉलर मिळाले, तेही दिले. सगळं मिळून सुमारे ६९,००० डॉलर, म्हणजे किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकट्या माणसाच्या वाणीतून आणि लेखणीतून आले. यादवी युद्धात गेटिसबर्गच्या रणभूमीवर लिंकनच्या प्रसिद्ध भाषणाआधी दोन तास बोललेला वक्ता तो हाच. तिथल्या भाषणासाठी लोक त्याला ओळखतात, माझ्या लेखी हे काम त्याहून मोठं आहे.

---

जुनी_वीट

युद्धाचं लिहा लवकर. घर तर ऐन सीमेवर असणार.

---

पोटोमॅककाठी

हो, ऐन मधोमध. राजधानी वॉशिंग्टन उत्तरेला जेमतेम १५ मैलांवर, तिथे युनियनचं, म्हणजे उत्तरेचं सैन्य. व्हर्जिनिया फुटून निघालेलं. रीजंट साउथ कॅरोलिनात अडकली, ती युद्ध संपेपर्यंत परत येऊ शकली नाही. पूर्वीचा मालक जॉन ऑगस्टिन दक्षिणेच्या सैन्यात गेला आणि सप्टेंबर १८६१मध्ये मारला गेला.

घरात राहिली मंडळाची सचिव सेरा ट्रेसी, मूळची न्यूयॉर्क राज्यातली, आणि व्यवस्थापक अप्टन हर्बर्ट, व्हर्जिनियाचा. एक उत्तरेची, एक दक्षिणेचा. सोबतीला मेरी मॅकमेकिन नावाची आणखी एक बाई. आणि राबणारे काळे नोकर, ज्यांच्याशिवाय एक दिवस निघाला नसता.

ट्रेसीबाईंनी युनियनचे सरसेनापती विनफिल्ड स्कॉट यांच्याकडून माउंट व्हर्ननला हात लावू नये असा हुकूम मिळवला. शहरात ये-जा करायला पास मिळेनासे झाले तेव्हा थेट लिंकनपर्यंत गेल्या. त्यांचा नियम एकच: आत यायचं तर शस्त्रं बाहेर ठेवायची आणि गणवेश दिसू द्यायचा नाही. आता सैनिकांकडे दुसरे कपडे कुठून असणार? ट्रेसीबाईंच्या पत्रात आहे की लांबून आलेले शिपाई कोणाकडून तरी शाली उसन्या घेत, त्या पांघरून कोटाची बटणं झाकत आणि हत्यारं कुंपणाबाहेर ठेवून आत येत. दोन्ही बाजूंचे.

युद्ध संपलं, घराला धक्का लागला नाही. १८७२ला सेरा ट्रेसी आणि अप्टन हर्बर्ट यांनी लग्न केलं.

---

स्पष्टवक्ती

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक गोष्ट खटकली. ‘शेतीतून घरखर्च भागत नव्हता’ असं एका वाक्यात लिहून पुढे गेलात. ती शेती करत कोण होतं? १७९९ साली माउंट व्हर्ननला ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे. मृत्युपत्रात त्याने त्यांना मुक्त करायला सांगितलं, मार्थाने १ जानेवारी १८०१ला मुक्त केलं. पण तिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतून आलेले दीडशेहून जास्त लोक गुलामच राहिले, वारसांत वाटले गेले. नवरा मुक्त आणि बायको-मुलं गुलाम, अशी घरं फुटली. बुशरॉडने १८२१ला ५० हून जास्त माणसं विकली. आणि ‘दक्षिणेतल्या स्त्रियांनो’ म्हणून हाक घालणाऱ्या कनिंगहॅमबाई स्वतः गुलामांच्या राबणुकीवर चालणाऱ्या मळ्यात वाढलेल्या होत्या.

घर राखणं म्हणजे काय राखणं, हा प्रश्न मला या मंडळाच्या बाबतीत पहिला वाटतो. शंभर वर्षं त्यांनी फक्त दिवाणखाना राखला.

---

पोटोमॅककाठी

@स्पष्टवक्ती, आकडे दिलेत ते बरं झालं, ते धाग्यात हवेच होते. ‘फक्त दिवाणखाना’ हे मला पूर्ण पटत नाही, पण बरंचसं पटतं.

मंडळाने १९२९ला गुलामांच्या दफनभूमीत एक शिळा बसवली. पुढे ती झाडोऱ्यात विस्मरणात गेली. १९८२ला डोरोथी गिलियम या पत्रकार बाईंनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये त्याबद्दल कडक स्तंभ लिहिला. त्यानंतर हालचाल झाली. हॉवर्ड विद्यापीठाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी स्मारकाचा आराखडा केला आणि १९८३ला ते उभं राहिलं. तीन गोल पायऱ्या, त्यांवर श्रद्धा, आशा, प्रेम हे शब्द, आणि मधे तुटलेला खांब. दरवर्षी तिथे पुष्पचक्र वाहतात. २०१४पासून पुरातत्त्वाचे लोक त्या दफनभूमीत वरची माती अलगद बाजूला करून एकेक कबर नोंदवताहेत. सांगाड्यांना हात लावत नाहीत, जागा नोंदवून पुन्हा झाकतात. एकाही कबरीवर नाव नाही.

म्हणजे हलवावं लागलं बाहेरून, हे खरं. हलल्यावर काम मनापासून केलं, हेही खरं.

---

स्पष्टवक्ती

हे मान्य. ‘राखणाऱ्या बायका’ या शीर्षकात आणखी एक नाव घाला अशी विनंती. सेरा जॉन्सन. १८४४ला माउंट व्हर्ननला गुलाम म्हणून जन्मली. युद्धानंतर तिथेच पगारी कामाला लागली. झाडलोट, धुणी, कोंबड्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दूध विकणं. साठवलेल्या पैशातून जवळच स्वतःची जमीन घेतली. आणि एडमंड पार्कर, तोही तिथलाच पूर्वीचा गुलाम, म्हातारपणी वॉशिंग्टनच्या कबरीवर पहारा द्यायचा. येणारे लोक त्यालाच प्रश्न विचारायचे. ‘संस्था’ म्हटलं की संचालक मंडळ डोळ्यासमोर येतं. रोज सकाळी कुलूप काढणारे कोण होते?

---

पोटोमॅककाठी

सेरा जॉन्सनचं नाव या धाग्यात आलं याचा खरंच आनंद झाला.

---

लाकूडकाम

मी जुन्या लाकडी बांधकामांच्या दुरुस्तीत काम करतो, म्हणून थोडं तांत्रिक.

माउंट व्हर्नन लांबून दगडी वाटतं. ते लाकडी आहे. पाइनच्या फळ्यांच्या कडा तासून दगडाच्या चिऱ्यांसारखे सांधे काढलेत, त्यावर रंग, आणि रंग ओला असतानाच वर वाळू उडवलेली. हात फिरवला तर खरखरीत लागतं. दिसायला भारदस्त, राखायला जिकिरीचं. कुठल्याही लाकडी घराचा शत्रू पाणी. छतातून, खिडकीच्या चौकटीतून, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जमिनीतून वर चढणारी ओल. पायावर आडवी टाकलेली तुळई, जिच्यावर अख्खा सांगाडा उभा असतो, ती आतून कुजते आणि वरून कळतही नाही.

गेल्या काही वर्षांत मंडळाने हेच मोठं काम हाती घेतलं: पाया, तळघर, पाण्याचा निचरा, तुळयांची दुरुस्ती, हवामान नियंत्रणाची नवी यंत्रणा. पाहुण्यांच्या नजरेला यातलं फारसं पडत नाही. म्हणूनच अशा कामाला देणगी मिळवणं सगळ्यात अवघड. नवीन दालनावर नाव कोरता येतं, कुजलेली तुळई बदलली तर कुठे कोरणार?

याच कामात २०२४ला तळघरात खोदताना विटांच्या फरशीखाली खड्डे सापडले आणि त्यांत काचेच्या बाटल्या, एकूण ३५. बहुतेक धड. आत अडीचशे वर्षांपूर्वीच्या चेरी आणि बेरीवर्गीय फळं, ओळखू येतील अशा अवस्थेत. देठ कापलेले. ती फळं खुडणारे, भरणारे हात अर्थात गुलामांचे. मंडळाने ते जाहीर करताना डॉल या स्वयंपाकिणीचं नाव घेतलं, १७५९ला मार्थाबरोबर इथे आणलेली. @स्पष्टवक्ती, तुमच्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे. पाया दुरुस्त करायला गेले आणि डॉलच्या हातचं काम वर आलं.

---

जुनी_वीट

वा, @लाकूडकाम! आगीची भीती पण असणार ना? सगळं लाकूड.

---

लाकूडकाम

भयंकर. १९१६ला वीज आणली ती मुख्यतः त्यासाठीच, दिवे-मेणबत्त्या जायला हव्या होत्या. एडिसनचं त्यात लक्ष होतं. १९२३ला हेन्री फोर्डने अग्निशमनाची गाडी दिली.

या दोन्हींच्या काळात व्यवस्थापक होता हॅरिसन हॉवेल डॉज. १८८५ला आला आणि १९३७ला मरेपर्यंत राहिला. बावन्न वर्षं एकाच घराची देखभाल. पाऊस आला की कुठल्या खोलीत जाऊन वर बघायचं, हे अशा माणसाला झोपेतही माहीत असतं. आमच्या धंद्यात अशी माणसं आता दुर्मीळ. कंत्राटदार बदलतो, आणि कुठे पाणी मुरतं ही माहिती त्याच्याबरोबर निघून जाते.

---

माँटिचेलो_प्रेमी

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. दुसरं एक घर सांगतो, तुलनेसाठी. अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याचं व्हर्जिनियातलं माँटिचेलो. तो १८२६ला डोक्यावर एक लाख डॉलरच्या वर कर्ज ठेवून गेला. मुलीला घर विकावं लागलं. १८३४ला युरायह लेव्ही या नौदल अधिकाऱ्याने ते घेतलं. हा ज्यू होता आणि धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यासाठी जेफरसनला मानायचा. त्याने स्वतःच्या खिशातून डागडुजी केली. मृत्यूनंतर मृत्युपत्रावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, घर पुन्हा खिळखिळं. मग पुतण्या जेफरसन मनरो लेव्हीने ते पुन्हा उभं केलं. १९२३ला एका खासगी प्रतिष्ठानने ५,००,००० डॉलरला विकत घेतलं.

लेव्ही कुटुंबाने जवळपास नव्वद वर्षं ते घर सांभाळलं, जेफरसनच्या कुटुंबापेक्षा जास्त काळ. आणि नंतर कितीतरी वर्षं पाहुण्यांना त्यांचं नाव सांगितलं जात नव्हतं. युरायहच्या आईची कबर तिथेच रस्त्यालगत आहे. १९८५ला तिथे फलक लागला. राखणाऱ्याला विसरण्याची सवय एकट्या माउंट व्हर्ननची नव्हे.

---

शेवंतीची_वेणी

सगळेच प्रतिसाद वाचनीय. @पोटोमॅककाठी, आज खर्च कसा चालतो? सरकार काही देतं का? आणि रीजंट वगैरे पदं अजून आहेत?

---

पोटोमॅककाठी

आहेत. रीजंट, व्हाइस रीजंट, आणि मंडळावर आजही सगळ्या स्त्रियाच. पगार नाही. रोजचा कारभार व्यावसायिक अधिकारी बघतात. घर चालवायला सरकारी अनुदान घेत नाहीत. तिकीट, देणग्या, दुकान, खाणावळ यांतून भागवतात. पूर्वी प्रत्येक राज्याच्या व्हाइस रीजंटकडे एकेक खोली सोपवलेली असे. वॉशिंग्टनचं सामान शोधून आणायचं आणि ती खोली सजवायची. ताबा मिळाला तेव्हा घर जवळजवळ रिकामं होतं. वॉशिंग्टनचा फ्रेंच सहकारी सेनानी लाफायेत याने पाठवलेली पॅरिसच्या बॅस्टील तुरुंगाची किल्ली, फ्रेंच शिल्पकार हूदाँने घडवलेला वॉशिंग्टनचा मातीचा अर्धपुतळा आणि पृथ्वीचा गोल, एवढंच जुन्या मालकाने मागे ठेवलं होतं. बाकीचं पत्रव्यवहार करून, वारसांची दारं ठोठावून, पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेलं.

कनिंगहॅमबाईंनी १८७४ला पद सोडलं, पुढच्या वर्षी वारल्या. निरोपाच्या पत्रात त्यांनी मागणं मागितलं की हे वॉशिंग्टनचं घर आहे, ते त्याचं घरच राहू द्या, प्रगतीच्या नावाखाली कोणी इथे हात लावू नये. मला यातलं सगळ्यात अवघड काम घराबाहेरचं वाटतं. व्हरांड्यात बसलं की नदी आणि पलीकडे नुसती झाडी दिसते, राजधानीच्या इतक्या जवळ! हे आपोआप राहिलेलं नाही. १९५०च्या दशकात पलीकडच्या मेरीलँडच्या काठावर तेलाच्या टाक्या उभ्या राहणार होत्या. ओहायोच्या व्हाइस रीजंट फ्रान्सिस पेन बोल्टन स्वतः काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या सदस्य होत्या. त्यांनी समोरची सुमारे ५०० एकर जमीनच विकत घेऊन टाकली, ती सांभाळायला प्रतिष्ठान काढलं, शेजारच्या जमीनमालकांना बरोबर घेतलं, आणि १९६१ला काँग्रेसने तिथल्या पिस्कॅटवे पार्कसाठी कायदा केला. दुसऱ्या राज्यातली, नदीपलीकडची, मंडळाच्या मालकीचीही नसलेली जमीन! घर राखायचं तर घरातून दिसतं तेही राखावं लागतं, हे त्या बाईला उमगलं होतं.

---

स्पष्टवक्ती

बोल्टनबाईंचं हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी व्हरांड्यात जास्त वेळ बसेन.

---

प्रवासी_पाखरू

आईबाबांना घेऊन ऑक्टोबरमध्ये येतोय. अर्धा दिवस आहे, गाडी नाही. बाबांना फार चालवत नाही. काय बघावं?

---

पोटोमॅककाठी

@प्रवासी_पाखरू, हंटिंग्टन मेट्रो स्टेशनवरून बस मिळते, वेळापत्रक आधी बघून ठेवा. जागा वर्षभर रोज उघडी असते, पण घरात शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली असते, ती सकाळची घ्या. दुरुस्तीमुळे कुठल्या खोल्या बंद आहेत तेही आधी संकेतस्थळावर तपासा. घर पाहून व्हरांड्यात बाबांना निवांत बसू द्या. मग उतरणीने कबरीपर्यंत, आणि तिथून अगदी जवळ गुलामांचं स्मारक आहे. पाटी छोटी आहे, बरेच लोक कबरीवरूनच परततात. परतताना चढ आहे, बाबांसाठी प्रवेशद्वारापाशी व्हीलचेअर मिळेल का ते आधी फोन करून विचारा.